खर्च कोणाच्या नावे

वास्कोला, बंदराच्या रस्त्यावर आमची पेढी.
जहाजांना माल पुरवतो: कांदे, बटाटे, गोडेतेल, दोरखंड,
एकदा एका ग्रीक कप्तानाला बोलका पोपट.
एकवीस वर्षं खतावणी माझ्या हाती.
आकडे उशिरा बोलतात, एवढंच मी शिकलो.

रेडिओवर ते मोठं राष्ट्र पुन्हा
आपल्या मित्राला तोफा देतंय.
"लागेल तितकं, लागेल तोवर," म्हणाला त्यांचा मंत्री.
मी पेन थांबवलं.
हे वाक्य मी ऐकलेलं होतं,
याच गल्ल्यावर, मालकांच्या तोंडून.

रोहिदास सावईकर, आमचे मालक. मनाने उमदे.
कुठ्ठाळीच्या खाजनात त्यांचा शाळासोबती आग्नेल रिबेलो
चुलतभावाशी भांडत होता, मानशीवरून.
भरतीचं पाणी अडवणारं एक लाकडी दार,
त्यापाशी जाळं कोणी लावायचं, एवढाच प्रश्न.
अर्ध्या मासळीवर आग्नेल तयार होता
मालकांनी पाठीवर हात ठेवण्याआधी.

मग त्याला अर्धी पुरेना.

पहिली नोंद माझ्याच अक्षरात आहे:
वकिलाची फी, हातउसने, आग्नेल रिबेलो.
खाली पणजीचा मोठा वकील.
खाली रात्रीचे राखणदार चार, टॉर्चचे सेल,
राखणदारांची दारू (मी "चहापाणी" लिहिली).
मालक म्हणायचे, आपलं काय जातंय?
काठी त्याची, डोकं त्याचं, आपण फक्त पैसे.

चुलतभाऊ बोस्त्यांव. त्याचा जावई
बार्जवाल्यांचा मुकादम, हे आम्ही विसरलो होतो.
सप्टेंबरात नऊ बार्जींनी तांदूळ दुसरीकडून उचलला.
कोणी भांडलं नाही. दुकानासमोरून जाताना
फक्त सगळ्यांना समुद्र बघावासा वाटायचा.
बँकेने ओव्हरड्राफ्टचं व्याज वाढवलं,
आणि ज्या मुलाला मी हिशेब शिकवत होतो
त्याला घरी पाठवावं लागलं. योगेश कानोळकर. हुशार होता.

"आता सोडून द्या," मी एकदा म्हणालो.
"आता सोडलं तर आधीचं बुडेल," मालक म्हणाले.
बुडालेलं वाचवायला
ते रोज थोडं आणखी बुडवत राहिले.
आग्नेलला हे ठाऊक होतं.
देणेकरी मोठा झाला की
सावकार त्याच्या दारात उभा राहतो.

रेडिओवर आता तेलाचे भाव.
त्या राष्ट्राच्या कोणत्यातरी गावात
एखादी बाई पावाच्या दुकानात नाणी परत मोजत असेल,
तिने ती तोफ पाहिलेलीही नसेल.
आणि इथे, बाहेरच्या नांगरावर,
तीन दिवस एक जहाज उभं आहे.
युद्धाच्या वाटेचा विमा महागला म्हणून
मालक-कंपनी ठरवत नाही, जायचं कुठून.
कप्तानाने चाळीस पोती कांदे सांगितले होते.
सकाळी निरोप आला: पंधरा.

मानशीचं काय झालं ते सांगायचं राहिलं.
दोघे कोर्टात असताना बांधाला चिखल लावायला कोणी नव्हतं.
जूनच्या उधाणात बांध फुटला.
खारं पाणी दोन्ही शेतांत सारखंच शिरलं,
वादी-प्रतिवादी न विचारता.
मग आग्नेल आणि बोस्त्यांव मिळून माती टाकू लागले,
आणि कपेलाच्या फेस्ताला एकाच बाकावर बसून
एकाच बाटलीतली फेणी प्याले.
मालकांना आमंत्रण होतं. गेले नाहीत.

त्या रात्री ते उशिरापर्यंत माझ्या शेजारी बसले.
रक्कम मी दोनदा बेरीज करून दाखवली.
"कुठल्या खात्यात टाकू?"
बराच वेळ ते दिव्याभोवतीच्या किड्यांकडे बघत होते.
"मैत्री असं खातं आहे का आपल्याकडे?"
नव्हतं.
मी "किरकोळ" लिहिलं.
वर्षाचा सगळ्यात मोठा आकडा
त्या शब्दासमोर अजून आहे. पान एकशे बारा.